कनवटीचा हिशेब : आशियाई स्वतंत्र सिनेमातल्या वयस्क बायका कशा पाहाव्यात

सहा मुलगे. त्यांनी मिळून शाळेतल्या एका मुलीवर महिनोन् महिने अत्याचार केले आणि तिने पुलावरून नदीत उडी घेतली. प्रकरण चव्हाट्यावर येऊ नये म्हणून पाच मुलांचे बाप आणि सहाव्याची आजी एका हॉटेलात जेवायला बसतात. मुलीच्या आईला ३ कोटी वॉन द्यायचे ठरतात. भागिले सहा, म्हणजे प्रत्येकी ५० लाख. बाप लोक हिशेब करून मोकळे होतात. आजी उठून बाहेर जाते आणि अंगणातल्या लालभडक कोंबड्याच्या फुलांकडे बघत वहीत काहीतरी टिपू लागते.

हा प्रसंग ली चांग-दोंग या दिग्दर्शकाच्या 'पोएट्री' या २०१०च्या कोरियन चित्रपटातला. फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला. आजीचं नाव मीजा, वय ६६. कवितेचा वर्ग लावलेली, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली बाई अशी तिची ओळख बहुतेक ठिकाणी करून दिली जाते. ती खरीच आहे. पण चित्रपटाचा कणा ते ५० लाख वॉन आहेत. त्या वेळच्या दराने ते साधारण २ लाख रुपये होतात. मीजाला सरकारी मदत मिळते, आणि अर्धांगवायू झालेल्या एका म्हाताऱ्याला अंघोळ घालून ती वरचे चार पैसे कमावते. एवढी रक्कम तिने आणायची कुठून? ती अखेर त्या म्हाताऱ्याकडूनच येते, आणि त्यासाठी तिला काय मोजावं लागतं ते चित्रपट आवाज न चढवता दाखवतो. कविता, विसरणं, नातवावरची माया हे सगळं त्या रकमेभोवती फिरतं.

आशियातले असे चित्रपट समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी. त्यातल्या बाईच्या कनवटीला किती पैसे आहेत, ते कुठून आले? कुठल्या कागदावर तिचं नाव आहे आणि कुठल्यावर नाही? आणि तिचे हात दिवसभर काय करतात? ही तीन सूत्रं धरून पाहिलं की 'संथ', 'काही घडतच नाही' म्हणून बाजूला पडणारे चित्रपट एकदम भरलेले दिसायला लागतात.

'स्वतंत्र' म्हणजे नेमकं काय

स्वतंत्र सिनेमा म्हणजे कमी पैशांतला सिनेमा, असा समज आहे. खरा मुद्दा शेवटचा शब्द कोणाचा, हा आहे. मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटात पटकथेला मंजुरी देणारे लोक 'हिचा मुलगा कोण झालाय?' असं विचारतात, कारण तिकीट मुलाच्या नावावर खपतं. म्हातारी मग कुणाची तरी आई किंवा आजी म्हणून उरते. ती आशीर्वाद देते, आजारी पडते आणि मध्यंतरानंतर जाते. ७० वर्षांच्या बाईला मध्यभागी ठेवायचं तर हा प्रश्न विचारणारा माणूस खोलीत नसावा लागतो.

देशागणिक या स्वातंत्र्याचा अर्थ बदलतो. फिलिपिन्समध्ये २००५ साली सुरू झालेल्या सिनेमलाया महोत्सवाने निवडक पटकथांना ५ लाख पेसोंचं बीजभांडवल द्यायला सुरुवात केली आणि डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रपट करणारी एक पिढी उभी राहिली. चीनमध्ये चित्रपटगृहात लागायला सरकारी परवाना लागतो, पडद्यावर सुरुवातीलाच ड्रॅगनची मोहोर दिसते. ती नसलेला चित्रपट देशात अधिकृतपणे लागत नाही. इराणमध्ये चित्रीकरणाचा परवाना वेगळा आणि प्रदर्शनाचा वेगळा.

इराणचं उदाहरण जरा नीट पाहू. क्रांतीनंतरच्या नियमांनुसार पडद्यावरच्या बाईने डोकं झाकलेलंच हवं. ती घरात एकटी असो, स्वयंपाक करत असो, झोपलेली असो. खऱ्या घरात कोण असं राहतं? त्यामुळे परवानगी घेऊन केलेल्या चित्रपटात बाईचं घर खरं दिसू शकत नाही, आणि म्हातारीचं तर मुळीच नाही, कारण तिचं बहुतेक आयुष्य घरातच जातं. मरियम मोगद्दम आणि बेहताश सनाईहा यांनी 'माय फेवरिट केक' (२०२४) मध्ये ही अट मोडली. त्यातली माहीन ७० वर्षांची, निवृत्त परिचारिका, ३० वर्षं विधवा, मुलगी परदेशात. ती घरात मोकळ्या केसांनी वावरते, एका टॅक्सीचालकाला घरी बोलावते, दोघं वाइन पितात, नाचतात. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन्ही दिग्दर्शकांचे पासपोर्ट जप्त झाले. बर्लिन महोत्सवात चित्रपट स्पर्धेत होता, पण त्यांना जाता आलं नाही. प्रमुख भूमिका करणाऱ्या लिली फरहादपूर मात्र तिथे पोहोचल्या. चित्रपट पाहताना माहीनच्या मोकळ्या केसांकडे लक्ष ठेवा. ते दिसावेत म्हणून लोकांनी स्वतःला संकटात घातलं आहे.

पैसा : पेन्शन कधी सुरू झाली ते आधी पाहा

कोरियन चित्रपटांत गरीब म्हाताऱ्या इतक्या का दिसतात, याचं उत्तर एका सनावळीत आहे. तिथली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना सुरू झाली १९८८ साली. शहरात स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली १९९९ मध्ये. म्हणजे जी बाई तेव्हाच पन्नाशीच्या पुढे होती, तिच्या नावावर पुरेशी वर्षं भरलीच नाहीत. घरकाम, दुसऱ्यांची मुलं सांभाळणं, बाजारात टोपली घेऊन बसणं यांची तर नोंदच नव्हती. श्रीमंत देशांच्या गटात वृद्धांच्या गरिबीचं सर्वाधिक प्रमाण बरीच वर्षं कोरियात आहे. ६५ वर्षांवरच्या साधारण ४० टक्के लोकांचं उत्पन्न देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी भरतं.

ही पार्श्वभूमी माहीत असली की ई जे-योंग यांचा 'द बॅकस लेडी' (२०१६) सनसनाटी वाटत नाही. बॅकस हे कोरियात कुठल्याही दुकानात मिळणारं छोट्या बाटलीतलं तरतरी देणारं पेय. सोलच्या जोंगनो भागातल्या बागांमध्ये म्हातारे पुरुष वेळ घालवायला जमतात. त्यांच्यात फिरून ही बाटली पुढे करणारी आणि तिच्या आडून देहविक्रय करणारी सो-यंग ६५ वर्षांची आहे. भूमिका युन यो-जाँग यांची. पुढे २०२१ साली सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं त्याच या. हळूहळू तिची जुनी गिऱ्हाइकं वेगळंच मागायला लागतात. आजाराला आणि एकटेपणाला कंटाळलेले हे पुरुष 'मला मरायला मदत कर' म्हणतात. चित्रपटाच्या कोरियन नावात हे दोन्ही आहे. त्याचा एक अर्थ 'जीव घेणारी बाई', आणि बोलीभाषेतला दुसरा, 'एकदम जबरदस्त बाई'. इंग्रजी नावात हा श्लेष गळून गेला.

जपानमध्ये पेन्शन आहे, तरी पुरत नाही. चिए हायाकावा यांचा 'प्लॅन ७५' (२०२२) एक कल्पित योजना मांडतो : वय ७५ पूर्ण झालेल्या कुणालाही सरकार स्वेच्छेने मरण्याची सोय करून देईल आणि खर्चायला १ लाख येन हातात ठेवेल. मिची ७८ वर्षांची आहे, हॉटेलात खोल्या साफ करते. बरोबरची एक बाई कामावर कोसळते आणि सगळ्याच वयस्क बायकांना घरी बसवलं जातं. मग वयामुळे दुसरं काम मिळत नाही, भाड्याचं घर मिळत नाही. रात्री रस्त्यावर वाहनांना दिशा दाखवायचं काम ती करून बघते. चित्रपटाची भीती अशी की मिचीला कुणी एकदाही 'मर' म्हणत नाही. सगळे अदबीने वागतात, फॉर्म व्यवस्थित असतो, फोनवरची मुलगी तर मनापासून प्रेमळ आहे. एकेक दार बंद होत जातं आणि एकच उघडं राहतं. भूमिका करणाऱ्या चिएको बाइशो यांना जपानी प्रेक्षक तोरा-सान चित्रपटमालेतली धाकटी बहीण साकुरा म्हणून दशकानुदशकं ओळखतात. घरच्याच बाईला त्या रांगेत उभी पाहणं त्या प्रेक्षकाला किती लागलं असेल, हे परक्या प्रेक्षकाने लक्षात ठेवायला हवं.

कागद

लिम सन-ए यांचा 'ॲन ओल्ड लेडी' (२०१९) काळ्या पडद्याने सुरू होतो. चित्र नाही, फक्त आवाज. रुग्णालयात उपचाराला आलेली बाई आणि २९ वर्षांचा सहायक परिचारक. बोलणं साधंच असतं, आणि मग ते साधं राहत नाही. बाई ६९ वर्षांची आहे, म्हणूनच कोरियन नावाचा अर्थ 'वय ६९' एवढाच. पडदा काळा ठेवण्याचं कारण सरळ आहे : अत्याचार दाखवला असता तर प्रेक्षक तिच्या देहाकडे बघत बसला असता. पुढचा सगळा चित्रपट कागदाचा आहे. तक्रार, जबाब, अटकेचा अर्ज, तो फेटाळला जाणं. 'इतक्या तरुण मुलाने या वयाच्या बाईला हात का लावावा?' ही शंका कुणी थेट बोलत नाही, पण प्रत्येक टेबलावर ती आधीच बसलेली असते. मग तिच्या स्मरणशक्तीवर संशय येतो. ती टापटीप राहते, नेटके कपडे घालते, याचंही लोकांना नवल वाटतं. दिग्दर्शिका आधी दृश्यांची रेखाचित्रं काढायचं काम करत असत, आणि कुठली चौकट रिकामी ठेवायची याचं त्यांचं भान या चित्रपटात जागोजाग जाणवतं.

मराठी प्रेक्षकाला सर्वांत जवळचं उदाहरण पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' मध्ये आहे. २०२४ साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. छाया कदम यांनी केलेली पार्वती वयाने म्हातारी म्हणता येणार नाही, पण त्या वाटेला लागलेली विधवा आहे. मुंबईच्या एका रुग्णालयात ती स्वयंपाकाचं काम करते. नवरा गिरणीत होता. बिल्डर घर रिकामं करायला लावतो आणि तिच्याकडे दाखवायला एकही कागद निघत नाही. गिरणगावात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही : भाडेपावती नवऱ्याच्या नावावर, रेशनकार्ड कुठेतरी, आणि इतकी वर्षं राहिल्याचा पुरावा म्हणून फक्त शेजारीपाजारी. पार्वती रात्री बिल्डरच्या फलकावर दगड मारते आणि रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघून जाते. तिथून चित्रपटाचा उजेडच बदलतो.

हात

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) मधल्या इंदिर ठाकरुणपाशी यायलाच हवं. चुनीबाला देवी जुन्या रंगभूमीवरच्या नटी, चित्रीकरणाच्या वेळी ८०च्या घरात. मानधन दिवसाला २० रुपये. रोज अफूची मात्रा घेतल्याशिवाय त्यांना काम करता येत नसे. पैसे संपून चित्रीकरण वारंवार थांबायचं तेव्हा रायना धास्ती असायची की त्या तोवर टिकतील ना. काम पूर्ण झालं, पण चित्रपट प्रदर्शित झालेला पाहायला त्या उरल्या नाहीत. त्यांचा शेवटचा प्रसंग आठवा. घरातून जवळजवळ हाकललेली ही म्हातारी पाणी मागते, पिते आणि लोट्यात उरलेलं पाणी अंगणातल्या लहानशा रोपाला घालते. मग निघते, ती मरायलाच. कुणी तिला ते करायला सांगितलेलं नाही.

हातांवर आख्खा चित्रपट उभा करून दाखवला तो नाओमी कावासे यांनी 'आन' (२०१५) मध्ये. आन म्हणजे लाल घेवड्यासारख्या अझुकी दाण्यांचं गोड सारण, आपल्याकडचं पुरण म्हणा. तोकुए नावाची ७६ वर्षांची बाई एका छोट्या दुकानात काम मागायला येते, पाटीवर लिहिलेल्यापेक्षा कमी मजुरीतही तयार असते. तिची बोटं वाकडी आहेत. सूर्य उगवण्याआधी ती कामाला लागते : भिजलेले दाणे निवडायचे, पहिलं उकळीचं तुरट पाणी ओतून द्यायचं, मंद आचेवर शिजवायचं, झाकून वाफेत मुरू द्यायचं, मग साखर घालायची आणि दोन तास हात लावायचा नाही. दाण्यांची आणि साखरेची ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो, असं ती सांगते, जणू मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमच आहे. ज्याने कधी पुरण घाटलंय त्याला घाई केली की काय होतं ते ठाऊक आहे : डाळ फुटते पण मिळून येत नाही.

दुकानापुढे रांग लागते, आणि मग त्या बोटांचं कारण गावभर होतं. तोकुएला तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. जपानमध्ये अशा रुग्णांना सक्तीने वेगळं ठेवणारा कायदा १९९६ साली रद्द झाला, रोग बरा करणारी औषधं आल्यानंतर कित्येक दशकांनी. तोकुएचं सगळं आयुष्य कुंपणाच्या आत गेलं. जे हात लोकांना आवडणारी चव देतात तेच हात दिसल्यावर लोक येईनासे होतात. किरिन किकी यांनी ही भूमिका केली, आणि ती पाहताना 'अभिनय' हा शब्द मनात येत नाही.

हाताचं दुसरं टोक देवाशीष मखीजा यांच्या 'अज्जी' (२०१७) मध्ये आहे. मराठी रंगभूमीवरच्या सुषमा देशपांडे यातली आजी आहेत. नातीवर अत्याचार करणाऱ्याला शिक्षा द्यायची म्हणून ती खाटकाकडे मांस कापायला शिकते. चित्रपट सर्वांना झेपेल असा नाही. पण म्हातारा हात सुरा धरायला कसा शिकतो, पकड कशी निसटते, मनगट कसं थकतं, हे त्यात धीराने दाखवलंय.

कॅमेरा थांबतो का, आणि संगीत का नसतं

नेहमीच्या संकलनात माणूस दारातून आत येतो आणि पुढच्या क्षणी खुर्चीत बसलेला असतो. मधलं कापतात. सत्तरीच्या बाईच्या बाबतीत ते मधलंच तर तिचं आयुष्य आहे. जमिनीवरून उठताना ती आधी एका तळव्यावर भार टाकते, मग एक गुडघा टेकते, थांबते, काहीतरी पकडते आणि मग उभी राहते. हे आठ-दहा सेकंद ठेवले तर तिला पाणी आणायला सांगणाऱ्या माणसाकडे प्रेक्षक वेगळ्या नजरेने बघतो. कापले तर ते पाणी आपोआप आल्यासारखं वाटतं.

पंचेचाळिशीच्या नटीला रंगवून म्हातारी करण्याचा डाव फसतो तोही इथेच. चेहऱ्यावर सुरकुत्या चिकटवता येतात. मान, हाताची पाठ, पायरी उतरताना आधी कुठलं पाऊल पडतं, आणि दम कुठे लागतो, हे लपत नाही.

'पोएट्री' मध्ये पार्श्वसंगीत नाही. सुरुवातीला नदीचा आवाज, शेवटीही नदीच. संगीत आलं असतं तर मीजाची कीव करायची की कौतुक, हे त्याने ठरवून टाकलं असतं. डॉक्टर तिला सांगतात, आधी नामं विसरतील, मग क्रियापदं. चित्रपटाच्या मध्यावर तिला त्या मृत मुलीच्या आईला भेटून तडजोडीला राजी करायचं असतं. शेताच्या वाटेवर जर्दाळू पडलेले दिसतात. शेतात त्या बाईशी ती जर्दाळूंबद्दल, हवेबद्दल, पिकाबद्दल गोड बोलते आणि निघते. थोडं चालून गेल्यावर आपण कशाला आलो होतो ते तिला आठवतं आणि चेहरा पांढरा पडतो. तिथे व्हायोलिन वाजलं असतं तर? काहीच उरलं नसतं.

पडद्यामागे : कुठे काय बिघडतं

कधीच कॅमेऱ्यापुढे न आलेल्या म्हाताऱ्या बायकांना घेण्याची आशियात मोठी परंपरा आहे. इंडोनेशियातल्या 'झियारा' (२०१६) मध्ये नवऱ्याची हरवलेली कबर शोधत फिरणारी आजी पोंचो सुतियेम यांनी केली, तेव्हा त्या ९५ वर्षांच्या होत्या. असं काम घेताना ज्या गोष्टी सांभाळाव्या लागतात त्या फार साध्या आहेत, पण चुकतात. १२ तासांची पाळी चालत नाही. सहा तास पुरे, दुपारची झोप धरून, आणि शौचालय दोन मिनिटांच्या अंतरावर हवं. पाठ केलेला संवाद बाई एका सुरात म्हणून टाकते, म्हणून हाताला काम द्यावं. शेंगा सोलता सोलता बोलणं आपसूक येतं. 'ॲक्शन' ओरडलं की ती दचकते, किंवा कमी ऐकू येत असेल तर तिला कळतच नाही. खांद्याला हलका स्पर्श केला की भागतं. तिसऱ्या-चौथ्या टेकनंतर थकवा चेहऱ्यावर दिसतो, तेव्हा पहिलाच चांगला घेण्याची तयारी ठेवावी. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला कवळीची टकटक, सुती लुगड्याची सळसळ आणि काकणं त्रास देतात. लुगड्याच्या आत माइक लावण्यापेक्षा वरून काठीवर धरलेला बरा, आणि काकणं दोऱ्याने सैल बांधून ठेवावीत, काढायला लावू नयेत.

करार तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा, प्रत तिच्या हातात द्यावी आणि मानधन तिच्याच खात्यात जावं. मुलाच्या खात्यात गेलं तर ज्या गोष्टीवर आपण चित्रपट करतोय तीच गोष्ट आपण केली असं होतं.

सर्वांत मोठी चूक मात्र प्रदर्शनानंतर होते. 'द वे होम' (२००२) हा ली जाँग-ह्यांग यांचा कोरियन चित्रपट ४० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. त्यातली मुकी आजी किम उल-बुन सत्तरी ओलांडलेल्या, डोंगरातल्या खेड्यात राहणाऱ्या, कधी अभिनय न केलेल्या. शहरातून राहायला आलेला नातू त्यांच्यावर डाफरतो आणि त्या छातीवर हात फिरवून 'चुकलं माझं' एवढीच खूण करतात. चित्रपट गाजला आणि लोक त्यांच्या घरी थडकायला लागले. पत्रकार आले, बघे आले, पैशावर डोळा ठेवणारेही आले. अखेर त्यांना आपलं गाव सोडावं लागलं. म्हणून प्रसिद्धीच्या मजकुरात गावाचं नाव, घराची खूण, खरं आडनाव द्यायचं की नाही हे चित्रीकरणाआधीच ठरवायला हवं. नंतर ते हातात राहत नाही.

संमतीचा प्रश्न माहितीपटात आणखी टोकदार होतो. वांग बिंग यांच्या 'मिसेस फांग' या चिनी माहितीपटाला २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. स्मृतिभ्रंश झालेल्या ६८ वर्षांच्या बाईचे ते शेवटचे दिवस आहेत. ती बोलू शकत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ दीर्घकाळ थांबतो, आजूबाजूला घरचे लोक मासेमारीच्या गप्पा मारतात. परवानगी घरच्यांची होती. तेवढी पुरेशी आहे का? आमच्या मते हा चित्रपट महत्त्वाचा आहे आणि तरीही हा प्रश्न त्याला सुटत नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

निर्मितीचा पैसा सहसा तुकड्यातुकड्यांनी जमतो. थोडा देशातल्या अनुदानातून, थोडा रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीसारख्या ठिकाणाहून, थोडा परदेशी सहनिर्मात्याकडून. गोव्यात २००७ पासून भरणारा फिल्म बाजार हे असे सहनिर्माते गाठण्याचं आपल्याकडचं ठिकाण. कधी लोकच पैसे देतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलाम बनवलेल्या आणि चित्रीकरणाच्या वेळी हयात असलेल्या चिनी स्त्रियांवरचा 'ट्वेंटी टू' हा ग्वो के यांचा माहितीपट वर्गणीतून पुरा झाला. शेवटी पडद्यावर ३२,०९९ देणगीदारांची नावं सरकत जातात.

'आजी' म्हटलं की काय होतं

पिकले केस दिसले की आपण बाईला आजी म्हणतो, घरकाम करणारीला मावशी. नातं जोडतो आणि नाव पुसतो. हाच पेच ॲन हुई यांच्या हाँगकाँगमधल्या 'अ सिंपल लाइफ' (२०११) च्या मुळाशी आहे. एकाच कुटुंबात ६० वर्षं चाकरी केलेल्या बाईला सगळे 'ताओ जे' म्हणतात. 'जे' म्हणजे ताई, पण कँटोनीजमध्ये घरकामाच्या बाईलाही तसंच म्हणायची रीत होती. झटका येऊन गेल्यावर ती स्वतःच वृद्धाश्रमात जायचं ठरवते. मालकाचा मुलगा रोजर तिला भेटायला येतो तेव्हा तिथले लोक विचारतात, हा कोण? मानलेला मुलगा, असं उत्तर मिळतं आणि ताओच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी डिनी यिप यांना व्हेनिसमध्ये सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

उपशीर्षकं वाचताना हे सगळं निसटतं, कारण इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. कोरियन कळत नसलं तरी वाक्याच्या शेवटी 'यो' किंवा 'निदा' येतं का, एवढं कान देऊन ऐका. तरुण माणूस वयस्क बाईशी बोलताना तो शेवट गाळत असेल तर त्याने अरेतुरे केलंय. जपानीत 'मास' आणि 'देस' ऐका. मराठी प्रेक्षकाला हा फरक लगेच उमगतो, फक्त तो आहे हे माहीत हवं. असे चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवणारे कुणी असतील तर त्यांनी इंग्रजीवरून भाषांतर न करता मूळ संवादातली अदब विचारून घ्यावी.

कुठे आणि कुठल्या क्रमाने

पणजीचा इफ्फी, पुण्याचा पिफ, मुंबईचा थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव आणि १९६८ पासून चालू असलेली प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी या जागा धरून ठेवाव्यात. वेळापत्रकात दिग्दर्शकाचं नाव अनोळखी असलं तरी कलाकाराच्या वयाकडे पाहून खेळ निवडायला हरकत नाही.

सुरुवात 'अ सिंपल लाइफ' ने करावी. घरातल्या मोठ्या माणसांसोबत पाहता येतो. मग 'आन', मग 'माय फेवरिट केक'. 'पोएट्री' १३९ मिनिटांचा आहे, रात्री उशिरा लावू नका. 'ॲन ओल्ड लेडी' आणि 'द बॅकस लेडी' एकाच आठवड्यात नकोत. 'मिसेस फांग' घरात नुकतंच कुणाचं आजारपण झालं असेल तर पुढे ढकला.

आणि मग ब्रियान्ते मेंदोसा यांचा 'लोला' (२००९). तगालोगमध्ये लोला म्हणजे आजी. सुरुवातीलाच अनिता लिंडा यांनी केलेली सेपा मनिलाच्या रस्त्यावर मेणबत्ती लावायचा प्रयत्न करते. तिथे तिच्या नातवाचा मोबाइलसाठी खून झाला. वारा इतका की ज्योत टिकत नाही. ती पुन्हा काडी ओढते, पुन्हा. दुसरी आजी पुरिंग, रुस्तिका कार्पियो, भाजी विकते. खुनाचा आरोप आहे तो तिच्या नातवावर. एकीला अंत्यविधीसाठी पैसे हवेत, दुसरीला नातू सोडवण्यासाठी. अंत्ययात्रा पुराच्या पाण्यातून होडीने जाते. फिलिपिन्समध्ये फिर्यादीच्या घरच्यांनी खटला पुढे चालवायचा नाही असं लिहून दिलं की प्रकरण बारगळू शकतं, आणि ते लिहून घ्यायला पैसे मोजले जातात. दोघी अखेर समोरासमोर बसतात. कागद आहे, रक्कम आहे, दोन मुलांची आयुष्यं त्यात अडकली आहेत. आणि त्या बोलतात ते सांधेदुखीबद्दल, कुठे ठणकतं, कुठलं औषध लागू पडतं, काय खाल्लं की त्रास होतो याबद्दल.